वरच्या खोलीतलं घोरणं

१

"ह्यांच्या घोरण्यापायी आम्ही बोईसर सोडलं," असं ज्ञानेश्वरी लोकांना हसत सांगायची. ऐकणारेही हसायचे. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

इंद्रजीत रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होता. पाळी दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे कधी रात्री झोपायचा, कधी भर दिवसा. बोईसरच्या इमारतीत भिंती अशा पातळ, की पलीकडच्या बिऱ्हाडातली शिट्टी आपल्याच कुकरची वाटावी. शेजारी दार वाजवून विचारायचे, "भाभी, भैया की तबियत तो ठीक है ना?" त्या विचारण्यात काळजी कमी आणि वैताग जास्त असायचा. शेवटी कुणाच्या तरी ओळखीने समुद्रकाठच्या घिवली गावात काशीबाईंच्या घराचा वरचा मजला मिळाला. खाली काशीबाई आणि त्यांची सुकी मासळी, अंगणात बांबूच्या मांडवांवर टांगलेले बोंबील, मागे माड आणि पलीकडे खाजण. वर हे तिघं: इंद्रजीत, ज्ञानेश्वरी आणि पहिलीतली स्वरा. नवरा-बायको दोघंही मूळची बीडकडची. समुद्राचा वास अंगवळणी पडायला वेळ लागला, पण शांतता होती.

घोरण्याचं ज्ञानेश्वरीला काही वाटत नव्हतं. घोरण्याची माणसाला सवय होते. तिला भीती वाटायची ती घोरणं थांबण्याची. भरलेला टेम्पो घाट चढावा तसा तो आवाज वर वर चढत जायचा आणि ऐन माथ्यावर तुटायचा. मग काहीच नाही. पोट आत-बाहेर धडपडायचं, पण नाकातोंडातून हवा म्हणून जायची नाही. ती अंधारात स्वतःचा श्वास धरून पडून राहायची. मग त्याच्या खांद्याला हात लावून म्हणायची, "अहो, कुशीवर व्हा." बुडता माणूस पाण्याबाहेर यावा तसा तो हबकून श्वास घ्यायचा, वळायचा आणि पुन्हा घाट चढायला लागायचा.

लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं. सलग झोप म्हणजे काय, ते ज्ञानेश्वरी विसरून गेली होती. आणि सकाळी उठल्यावर हा म्हणायचा, "तू माणसाला झोपूच देत नाहीस."

२

पावसाळ्यानंतर एकदा तो कंपनीत पॅनलसमोर बसल्या बसल्या झोपला. समोर अलार्म वाजत होता आणि याची हनुवटी छातीवर. वेळीच दुसऱ्या कुणीतरी धाव घेतली म्हणून निभावलं. साहेबांनी बजावलं, डॉक्टरला दाखव, नाहीतर कामावर येऊ नको.

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी एका रात्रीची तपासणी करवली. अंगाला तारा चिकटवून झोपायचं. निकाल आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं, की झोपेत घशातला मऊ भाग सैल पडतो, हवेची वाट बंद होते, मेंदू दचकून जागा करतो, आणि हे रात्रभर पुन्हा पुन्हा होतं. माणसाला वाटतं आपण झोपलो, पण तो झोपलेलाच नसतो. उपाय म्हणजे मशीन. उशाशी डब्याएवढं यंत्र, त्याची नळी, नाकावर मास्क. यंत्र मंद दाबाने हवा आत सोडत राहतं आणि वाट उघडी ठेवतं.

"आणि झोपेला शिस्त लावा," बाई म्हणाल्या. "पाळी कुठलीही असो, झोपायच्या आधी तेच ते करायचं. कोमट पाण्याने अंघोळ, पडदे बंद, मोबाईल खोलीच्या बाहेर. चहा नाही, तंबाखू नाही. वजन उतरवा. आणि मास्क रोज लावायचा. एक दिवस लावला, एक दिवस नाही, असं चालणार नाही."

ज्ञानेश्वरीने ते सगळं मनावर घेतलं. जाड निळे पडदे शिवून घेतले. मास्क रोज साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा, यंत्रात डिस्टिल्ड पाणी भरायचं, उशी उन्हात टाकायची. पहिल्याच दिवशी इंद्रजीत रात्रपाळी करून आला, मास्क लावून आडवा झाला आणि दुपारपर्यंत हललासुद्धा नाही. घोरणं गेलं. नुसती यंत्राची बारीक सुसू.

तो उठला तेव्हा चेहरा धुतल्यासारखा ताजा होता. पण ज्ञानेश्वरीला झोप येईना. आता ऐकायला काहीच नव्हतं आणि कान मात्र उघडेच. पुढच्या तपासणीच्या वेळी तिने हे सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "होतं असं. यांचा आजार बरा झाला, पण तुमचे कान अजून ड्युटीवर आहेत. त्यांनाही हळूहळू सुट्टी द्या."

३

त्या आठवड्यात इंद्रजीतची पहिली पाळी होती. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन गेली, स्वरा शाळेत गेली. दुपारी ज्ञानेश्वरी बाहेरच्या खोलीत भाजी निवडत बसली होती. कुरिअरवाला पोरगा जिना चढून आला आणि मोठ्याने नाव विचारायला लागला. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. साहेब झोपलेत."

पोराने मान डोलावली, आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघून ओशाळं हसला, पाकीट ठेवून पाय न वाजवता गेला. ती पुन्हा भाजीपाशी येऊन बसली. मेथीची एक जुडी निवडून झाल्यावर तिचा हात थांबला. इंद्रजीत तर कामावर गेला होता.

आणि आतून घोरण्याचा आवाज येत होता.

इतका ओळखीचा आवाज, की तो येतोय हे तिला कळलंच नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपण कुठे ऐकतो? तिने उठून दार ढकललं. पडदे बंद, पलंगावर चादर ताणलेली, खिळ्याला टांगलेला मास्क, यंत्र बंद. आवाज नव्हता. खोलीत झोपेचा कुबट ऊबदार वास होता, पण तो काय, नेहमीचाच. तिने दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली.

संध्याकाळी कपडे काढायला खाली गेली तेव्हा काशीबाई बोंबील उतरवत होत्या.

"काय गो बाय, इंद्रजीतला सुट्टी हाय काय आज?"

"नाही. का हो?"

"दुपारभर घोरत व्हता ना वर. मशीन आणली तरी हायच म्हणाचा त्याचा."

४

माणसाचं डोकं मोठं चलाख असतं. घाबरायच्या आधी ते दहा कारणं शोधून ठेवतं. ज्ञानेश्वरीनेही शोधली. खाजणावरून येणारा वारा पत्र्याच्या पन्हाळीत शिरत असेल. काशीबाईंच्या विहिरीचा पंप असेल. आणि काशीबाई तर रोजच ऐकायच्या, त्यांचेही कान ड्युटीवर असतील. तिने पन्हाळीत चिंध्या कोंबल्या. पंप बंद असताना लक्ष देऊन ऐकलं. मोबाईल आत ठेवून आवाज टिपला. नंतर लावून पाहिला तर त्यात नुसती खरखर आणि लांबवर कावळे.

पण इंद्रजीत घरी नसला आणि दार लावलेलं असलं, की आवाज यायचा. दार उघडलं की नसायचा.

मग एका दुपारी तो घाट चढत चढत वर गेला आणि तुटला.

ज्ञानेश्वरी इस्त्री करत होती. तिचा हात जागच्या जागी राहिला. तिने श्वास धरला. आत पलंगाची फळी बारीक कुरकुरायला लागली, जसं कुणाचं पोट हवेसाठी धडपडतंय. शर्टाला जळका वास यायला लागला आणि तिच्या तोंडून, तिने न बोलवता, शब्द निघून गेले.

"अहो, कुशीवर व्हा."

बंद दाराआड कुणीतरी हबकून श्वास घेतला. पलंग करकरला. कूस वळल्याचा तो सगळा नेहमीचा आवाज झाला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं, संथ, समाधानी.

ती भिंतीला टेकून खाली बसली. स्वरा शाळेतून येईपर्यंत बसून राहिली. मग दार उघडलं. चादर ताणलेलीच होती, पण उशीच्या मधोमध खळगा होता. तिने हात ठेवला. उशी गरम होती.

तिने इंद्रजीतला सांगितलं. पानावरून न उठता, घास चावत, त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मी बरा झालो ते तुला बघवत नाही का गं?" तो म्हणाला. "आता कुणाला ढोसायचं, म्हणून चैन पडेना तुला."

तिने ताटातला भात चिवडला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

५

त्यानंतर रोजचंच झालं. श्वास तुटायचा आणि ती दाराबाहेरून हाक मारायची. हाक मारली नाही तर काय होईल ते तिला माहीत नव्हतं आणि बघायची छातीही नव्हती. इंद्रजीतची रात्रपाळी असली की तो आत मास्क लावून शांत झोपायचा आणि ते दिवस तिला सुटीचे वाटायचे. पहिली पाळी आली की दुपारी दाराबाहेर बसून राहायचं. कुठे जायचं नाही, डोळा लावायचा नाही. पूर्वी निदान माणूस तरी होता. आता रिकाम्या पलंगाची चाकरी. आणि तुटलेला श्वास दिवसेंदिवस लांबत चालला होता. एका हाकेने भागेना. दोनदा, तीनदा हाक द्यावी लागे.

त्यातच तिला ताप भरला. अंग ठणकत होतं. स्वराला शाळेत पाठवून ती बाहेरच्या खोलीत चटईवर आडवी झाली. आत घोरणं चालू होतं. आणि काय नवल, त्या आवाजावरच तिचे डोळे मिटायला लागले. कित्येक वर्षांत आली नव्हती अशी झोप, जड, गोड, पायांकडून वर चढत येणारी. ती तिच्या गळ्यापर्यंत आली होती तेव्हा आतला श्वास तुटला.

ज्ञानेश्वरी जागी होती. हे तिने पुढे स्वतःपाशी कधी नाकारलं नाही. फळीची कुरकुर तिला ऐकू येत होती. दोन शब्द बोलायचे होते, जीभ उचलायची होती. तिच्या मनात आलं, नाही बोलत. एक दिवस नाही बोलत. हाक मारून मारून मी मरायची, आणि हा झोपणार. कोण हा? माझा नवरा तर कामावर आहे.

कुरकुर वाढली. मग पलंग दाणदाण हलला, टाचा फळीवर आपटल्याचा आवाज झाला, एकदा, पुन्हा, मग हलकेच. मग तोही थांबला.

ती वाट बघत पडून राहिली. आत काही नव्हतं. आणि त्या नसण्यातच तिला झोप लागली.

जाग आली ती स्वरा दार बडवत होती म्हणून. घाम सुटून ताप उतरला होता. अंग हलकं झालं होतं. पहिलं काम तिने इंद्रजीतला फोन लावला. तो वाजत राहिला, वाजत राहिला. मग त्याने उचलला.

"काय काम काढलंस?"

"काही नाही. बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? बसमध्ये बसलोय," तो म्हणाला. आणि ती इतकी हसली, की स्वरा तिच्याकडे बघत राहिली.

६

त्या दिवसापासून आतल्या खोलीत कधीच आवाज आला नाही. काशीबाईसुद्धा म्हणाल्या, "आता लागला बाय गुण मशीनीचा."

इंद्रजीतची तब्येत सुधारली. पोट उतरलं, चिडचिड गेली. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातले आकडे बघून शाबासकी दिली. तो आता ज्ञानेश्वरीशी हळू आवाजात, मायेने बोलायचा. तसा तो पूर्वी कधी बोलत नव्हता.

एकच होतं, तो चहा फुंकायचा नाही. पूर्वी बशीत ओतून फू फू करत प्यायचा. आता उकळता कप तसाच तोंडाला लावायचा. तिने टोकलं तर म्हणाला, "गरम लागत नाही मला."

स्वराच्या वाढदिवसाला फुगे आणले होते. स्वरा हट्टाने म्हणाली, पप्पाच फुगवणार. त्याने फुगा ओठांशी धरला, डोळे मोठे केले. गाल हलले नाहीत. फुगा तसाच लोळागोळा लटकत राहिला.

"फुटका दिसतोय," तो म्हणाला आणि दुसरा घेतला. मग तिसरा.

काशीबाईंनी त्याच्या हातातून तो ओढून घेतला आणि दातांच्या फटीतून दोन फुंकरींत टम्म फुगवला. सगळे हसले. इंद्रजीतही हसला. त्याच्या हसण्याचा आवाज आला, पण खांदे हलले नाहीत. ज्ञानेश्वरीच्या हातात केक कापायची सुरी होती. ती तिने खाली ठेवली आणि उगाच पाणी आणायला आत गेली.

७

शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जायची. असाच एक शुक्रवार होता. रात्रपाळी करून आलेला इंद्रजीत आत झोपला होता. पंखा थांबला, फ्रीज गप्प झाला आणि आतली सुसू बंद पडली.

डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, की वीज गेली तर घाबरू नका, मास्कला हवेसाठी भोकं असतात, आणि माणूस आपोआप जागा होतो. तरी ती आत गेली. पडद्याच्या कडेने उन्हाची रेघ त्याच्या छातीवर पडली होती. ती रेघ हलत नव्हती.

पूर्वीसारखी धडपड नव्हती. पोट आत-बाहेर होत नव्हतं. हवा मिळत नाही म्हणून तळमळणारं काहीच त्याच्यात उरलं नव्हतं. रिकाम्या घरासारखा तो पडला होता. तिने मास्कच्या भोकांपाशी हात धरला. काही लागलं नाही. खांद्याला हात लावला.

"अहो, कुशीवर व्हा."

त्याने लगेच डोळे उघडले, जसा तो झोपलेलाच नव्हता.

"काय गं?"

"श्वास घ्या."

"घेतोय की." तो मास्क काढून उठून बसला. बोलताना त्याची छाती हलत नव्हती. तिने तिथे तळहात टेकवला. आत काळजाचे ठोके पडत होते, फार सावकाश, दूरच्या खोलीत कुणी उखळात कुटत असावं तसं.

"एकदा माझ्या हातावर फुंकर मारा," ती म्हणाली.

त्याने लहान मुलासारखं ऐकलं. ओठांचा चंबू केला, तिच्या मनगटाजवळ आणला. तिच्या हातावरचा एक केसही हलला नाही.

"लागली का?" त्याने विचारलं. त्याच्या डोळ्यांत काहीच लपवलेलं नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

वीज आली. यंत्राने सूर धरला. त्याने मास्क लावला, आडवा झाला, आणि त्याची छाती पिशवीत हवा भरावी तशी वर आली.

८

त्यानंतर त्याला मशीन नकोसं झालं. नाक सुकतं म्हणाला. ज्ञानेश्वरी यंत्र चालू करून द्यायची, तो मास्क काढून गादीवर टाकायचा. दुपारी स्वरा शाळेतून आली, की तो तिला हाक मारायचा. "ये गं पिल्ला, पप्पांजवळ झोप. तू असलीस की मला बरं वाटतं." स्वरा आनंदाने जायची. पप्पा गार असतात, ती म्हणायची, उन्हाळ्यात छान वाटतं.

महिनाभरात पोरीचा रंग उतरला. शाळेतून निरोप आला, की स्वरा वर्गात झोपते. डोळ्यांखाली काळं धरलं. मुलांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, टॉनिक दिलं.

"रात्री चांगली झोपते ना?"

"झोपते," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"पप्पांजवळ झोपलं की मला स्वप्नंच पडत नाहीत," स्वरा मध्येच बोलली. डॉक्टर हसले.

ज्ञानेश्वरीने स्वराला दुपारी आपल्याजवळ झोपवायला सुरुवात केली. एकदा तिला चटईवर गाढ झोपलेली बघून ती गच्चीवर वाळवण उलटायला गेली. परत आली तर चटई मोकळी होती आणि आतलं दार बोटभर उघडं.

त्या बोटभर फटीतून तिला दिसलं. स्वरा पाठीवर झोपली होती, तोंड उघडं. इंद्रजीत कुशीवर होता, तिच्याकडे वळून, इतका जवळ, की दोघांचे चेहरे निराळे ओळखू येत नव्हते. पोरीची छाती खाली जायची तेव्हा त्याची वर यायची. मग पोरीची बराच वेळ वर यायचीच नाही. तिचं एवढंसं पोट आत-बाहेर धडपडायचं. त्याचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर असं सुख, जसं अंगावर पिणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर असतं.

९

तिने स्वराला ओढून उचललं. ओठ जांभळे पडले होते. जिन्याच्या मध्यावर पोरीने हबकून श्वास घेतला आणि डोळे न उघडता तिच्या मानेत तोंड खुपसलं.

काशीबाई पडवीत सुकट पाखडत होत्या. ज्ञानेश्वरीने स्वराला त्यांच्या खाटेवर ठेवलं.

"हिला खालीच ठेवा. झोपेत उठून चालायला लागली तरी वर जाऊ देऊ नका. रात्री आले नाही तर माझ्या भावाला फोन करा, तो येऊन घेऊन जाईल."

काशीबाईंनी सूप खाली ठेवलं. "काय झाला गो? भांडलात काय?"

"नाही. ह्यांना झोप लागत नाहीये."

"मग तू आनी कशाला वर जाते?"

 ज्ञानेश्वरी जिन्यापाशी उभी राहिली. रस्ता समोर होता. पोरीला उचलून रिक्षा करायची, बोईसर गाठायचं, रात्रीच्या आत बीडच्या गाडीत बसायचं. दाराला बाहेरून कडी लावली तरी पुरे होतं. वीज तेवढ्यात गेली. खाली काशीबाईंचा पंखा फिरत फिरत थांबला. आज शुक्रवार होता. वर आता मशीनसुद्धा चालणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं आपोआप संपेल. गप्प बसणं तिला जमत होतं. एकदा, त्या तापाच्या दुपारी, जमलं होतं.

"ज्ञाना," वरून हाक आली. मऊ, घाबरलेली. "स्वरा कुठे गेली गं? कसंतरीच होतंय. छाती रिकामी लागतेय."

ती जिना चढली.

तो पलंगावर बसला होता, दोन्ही हात छातीशी धरून. उन्हाच्या रेघेत त्याचा चेहरा मातीसारखा दिसत होता. तिला बघून त्याला बरं वाटलं, हे त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"मला काय झालंय?" त्याने विचारलं. "तुला माहितीये ना? तुला कळलं असेल. तू तर रात्ररात्र जागी असायचीस."

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. "झोपा."

तिने दार आतून लावलं. पडदा नीट ओढला. स्वराची जागा अजून ऊबदार होती. ती तिथे आडवी झाली, त्याच्याकडे वळली. त्याचं नाक तिच्या ओठांना लागलं, गार, ओलसर. तिने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

पहिला श्वास गेला तेव्हा काहीच वाटलं नाही. दुसरा घ्यायला तिने छाती वर उचलली आणि तो आत आला नाही. कुणीतरी घशातूनच तो अलगद काढून घेतला. भीती वाटली, पण थोडीच. मग पायांकडून ती झोप चढायला लागली, जड, गोड.

त्याची छाती तिच्या छातीला भिडून वर आली. "आता बरं वाटतंय," तो पुटपुटला. खूप दिवसांनी त्याच्या बोलण्याची हवा तिच्या गालाला लागली. ती गरम होती.

केव्हातरी वीज आली. पंखा फिरू लागला. उशाशी यंत्र सुरू झालं. मास्क गादीच्या कडेला उलटा पडला होता आणि त्यातून हवा चादरीवर वाया जात होती. ज्ञानेश्वरीला ती सुसू ऐकू येत होती. हात लांब केला असता तर मास्क हाताला लागला असता, त्याच्या नाहीतर स्वतःच्या नाकावर ठेवता आला असता. तिने हात उचलायचं ठरवलं. पण झोप फार गाढ होती, आणि शेजारी तो आता सावकाश घोरायला लागला होता.